जुन्या गेमपोर्टच्या जॉयस्टिक आजच्या कॉम्प्युटरवर कशा चालवायच्या

गरुडझेप_७२ | शुक्रवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी,

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलंय की घरात ती जुनी पंधरा पिनांच्या प्लगची जॉयस्टिक पडून आहे, आत्ताच्या लॅपटॉपला लागेल का की भंगारात द्यायची. प्रत्येकाला वेगवेगळं लिहीत बसण्यापेक्षा इथेच सगळं टाकतो, म्हणजे पुढच्या माणसालाही सापडेल. आधीच सांगतो, भंगारात देऊ नका. सीएच फ्लाइटस्टिक प्रो किंवा थ्रस्टमास्टर एफसीएस हातात घेऊन बघा, स्प्रिंगा अजून ठणठणीत असतात, बूड जड असतं, टेबलावर सरकत नाही. जातो तो आतला पॉट (पोटेन्शियोमीटर, फिरवला की रोध बदलतो तो) आणि जुनं होतं ते कनेक्शन, आणि दोन्ही घरी बदलता येतं.

आता हे पोर्ट चालायचं कसं ते आधी समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आयबीएमने १९८१ मध्ये पीसीबरोबर जे गेम अ‍ॅडाप्टर कार्ड काढलं त्यातच हे पंधरा पिनांचं पोर्ट, म्हणजेच गेमपोर्ट, आलं, चार अक्ष आणि चार बटणं, बस. पुढे ते साउंड कार्डावर गेलं, साउंड ब्लास्टर ज्यांच्याकडे होतं त्यांना आठवत असेल. साध्या स्टिकमध्ये चिप वगैरे काही नसतेच. प्रत्येक अक्षाला एक १०० किलोओहमचा पॉट, त्याची एक बाजू पाच व्होल्टला आणि मधला पाय अक्षाच्या पिनला, तिसरा पाय मोकळाच. कार्डावर ५५८ नावाची टायमर आयसी असायची, ती पॉटमधून एक छोटा कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो ते बघायची. नळ जितका बारीक तितका बादली भरायला वेळ, तसंच. आयबीएमच्या कागदपत्रातलं सूत्र आहे २४.२ मायक्रोसेकंद अधिक ०.०११ गुणिले ओहम, म्हणजे पॉट पूर्ण १०० किलोओहमवर असला की साधारण ११२४ मायक्रोसेकंद, शून्यावर असला की २४. आणि हा वेळ मोजायचं काम सीपीयूचं, तो २०१ हेक्स पत्त्यावर सारखा विचारत बसायचा झालं का झालं का.

यूएसबीत असलं काहीही नाही. यूएसबीला तयार आकडे लागतात, एक्स इतका, वाय इतका, बटण दाबलेलं. म्हणून १५ पिनांना यूएसबीची वायर नुसती जोडून काही होत नाही, मधे कुणीतरी पॉट मोजून आकडा सांगणारा लागतो. त्यातून विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने गेमपोर्टला थाराच दिलेला नाही, त्यामुळे जुनं साउंड कार्ड शोधून लावलं तरी नव्या विंडोजवर उपयोग नाही.

पैसे खर्च करायच्या आधी मल्टिमीटर लावा. मीटर ओहमवर ठेवा, एक टोक प्लगच्या १ नंबर पिनला, दुसरं ३ ला, आणि स्टिक डावी-उजवी हलवा. आकडा सावकाश एकसारखा बदलत गेला तर स्टिक अ‍ॅनालॉग आहे, तुमचं काम सोपं. १ आणि ६ मध्ये वाय अक्ष. ११ वर रडर (विमानाचं शेपटीचं सुकाणू), १३ वर बहुतेक वेळा थ्रॉटल (इंजिनाचा जोर). बटणं २, ७, १०, १४ वर, आणि ती ४ नंबरच्या ग्राउंडला टेकतात. स्टिक हलवूनही आकडा ढिम्म राहिला तर एकतर पॉट किंवा वायर गेलीय, नाहीतर स्टिक डिजिटल आहे आणि मग गोष्ट वेगळी.

अ‍ॅनालॉग असेल तर दोन रस्ते. एक, तयार गेमपोर्ट ते यूएसबी अ‍ॅडाप्टर. लावला की चालतो, पण हॅट स्विच (दांड्यावरचं चार दिशांना दाबायचं छोटं टोपण) नीट येईलच असं नाही आणि स्वस्तातल्यांत अचूकता कमी असते. दुसरा, प्रो मायक्रो नावाचा, आपला प्रोग्रॅम चढवता येतो असा अर्डुइनो जातीचा छोटा बोर्ड घेऊन स्वतः करायचं. माझं मत विचाराल तर दुसराच. एक संध्याकाळ जाते पण मग त्या स्टिकमध्ये काय चाललंय ते तुम्हाला कळतं आणि पुढे काही बिघडलं तरी कुणाकडे जावं लागत नाही. मी सीएच फ्लाइटस्टिक प्रो याच रस्त्याने केलीय, कुणाला हवं असेल तर तपशील खाली टाकतो.

---

आरती_डों | शुक्रवार, रात्री १०.५५

हवाय हवाय, तपशील टाकाच दादा. माझ्याकडे पण सीएचच आहे, त्याला वरती ते चार दिशांचं छोटं टोपण आहे. आणि एक शंका, माझ्याकडे मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टचा अर्डुइनो उनो पडलाय, तो चालेल का की प्रो मायक्रोच पाहिजे?

---

गरुडझेप_७२ | शुक्रवार, रात्री ११.३०

ताई, उनो नको. उनोवरचा मुख्य प्रोसेसर यूएसबीशी थेट बोलत नाही, मधे दुसरी चिप असते आणि ती कॉम्प्युटरला सांगते की मी सीरियल पोर्ट आहे. प्रो मायक्रोवर एटीमेगा ३२यू४ असतो, त्याच्या आतच यूएसबी आहे, त्यामुळे तो स्वतःला जॉयस्टिक म्हणवून घेऊ शकतो आणि ड्रायव्हर लागत नाही. घेताना पाच व्होल्ट, १६ मेगाहर्ट्झवाला घ्या, ३.३ चा पण मिळतो. आणि त्याचं मायक्रो यूएसबीचं सॉकेट फार नाजूक असतं, वायर ओढली गेली की पट्ट्यांसकट उखडून येतं, म्हणून पहिल्याच दिवशी त्याच्याभोवती हॉट ग्लू लावून टाका.

आता जोडणी. मी स्टिकची वायर कापलेली नाही, कापायला जीव होत नाही आणि गरजही नाही. पंधरा पिनांचं फीमेल सॉकेट एका छोट्या डब्यात बसवलं आणि बोर्ड त्याच डब्यात. पिन १, ८, ९ पाच व्होल्टला. ४, ५ ग्राउंडला. २, ७, १०, १४ बोर्डाच्या कुठल्याही डिजिटल पिनांना, आणि कोडमध्ये त्यांना इनपुट पुलअप करा म्हणजे वेगळे रेझिस्टर नकोत. ३, ६, ११, १३ अ‍ॅनालॉग पिनांना, म्हणजे ए० ते ए३.

पण इथे एक मेख आहे. बोर्डाला व्होल्टेज कळतं, ओहम कळत नाही, आणि स्टिकमधल्या पॉटचे दोनच पाय बाहेर आलेत. म्हणून प्रत्येक अक्षाच्या पिनपासून ग्राउंडला एक ४७ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा. आता पॉट आणि हा रेझिस्टर मिळून व्होल्टेज वाटून घेतात आणि बोर्डाला ० ते १०२३ मधला आकडा मिळतो. गणित करून बघा. पॉट शून्यावर असताना १०२३, पूर्ण १०० वर असताना ३२७, आणि बरोब्बर मध्ये म्हणजे ५० वर असताना ४९६. पण ३२७ आणि १०२३ च्या मध्यावरचा आकडा ६७५ आहे! म्हणजे स्टिक सरळ उभी आणि कॉम्प्युटरला वाटतंय की ती अर्धी एका बाजूला झुकलीय. बरेच जण इथेच अडकतात आणि विंडोजच्या कॅलिब्रेशनने ते निस्तरायला बघतात, तसं केलं तर मध्य जागेवर येतो पण एका बाजूला स्टिक भसकन जाते आणि दुसऱ्या बाजूला सुस्त वाटते. उपाय कोडमध्ये एका ओळीचा आहे. आलेला आकडा न असेल तर पॉटचा रोध = ४७ × (१०२३ ÷ न − १). उत्तर किलोओहममध्ये येतं आणि ते सरळ रेषेत असतं. तेच स्केल करून जॉयस्टिक लायब्ररीला द्या. पाच व्होल्ट थोडे वरखाली झाले तरी फरक पडत नाही कारण बोर्ड मोजतोही त्याच पाच व्होल्टच्या तुलनेत.

शिवाय प्रत्येक अ‍ॅनालॉग पिनपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर (त्यावर १०४ छापलेलं असतं तो). या चिपला दहा किलोओहमच्या आतला सोर्स आवडतो, आपला त्याहून जास्त आहे, म्हणून कपॅसिटर नसला तर आकडे थरथरतात आणि एका अक्षाचा परिणाम दुसऱ्यात डोकावतो.

हॅटचं उद्या लिहितो, ते जरा सविस्तर आहे.

---

बाणेरकर | शनिवार, सकाळी ८.२०

वाखु (वाचनखूण) साठवली. माझा अनुभव टाकतो, तयार अ‍ॅडाप्टर ऑनलाइन मागवला होता, विकणाऱ्याने लिहिलं होतं सगळ्या १५ पिन जॉयस्टिक चालतील. माझी मायक्रोसॉफ्ट साइडवाइंडर प्रिसिजन प्रो आहे, लावली तर कॉम्प्युटर म्हणतो जॉयस्टिक आहे पण हलवून काहीच हलत नाही, नुसता एका कोपऱ्यात जाऊन बसतो. विकणाऱ्याला कळवलं तर म्हणे स्टिक खराब असेल. स्टिक खराब आहे की काय?

---

तांबडा_एलईडी | शनिवार, सकाळी ९.०५

बाणेरकर, स्टिक बहुतेक धडधाकट आहे, फेकू नका. गरुडझेप यांनी वर डिजिटल म्हटलं ना ती हीच. साइडवाइंडर ३डी प्रो, प्रिसिजन प्रो आणि फोर्स फीडबॅक प्रो, तिन्हीत प्लग पंधरा पिनांचाच आहे पण आतून बोलणं पूर्ण वेगळं. ३डी प्रो आणि प्रिसिजन प्रो मध्ये तर पॉटच नाहीत, आत प्रकाश टाकून कॅमेऱ्यासारखा सेन्सर दांड्याची जागा बघतो, म्हणून त्या इतक्या वर्षांनीही घासून खराब होत नाहीत. कॉम्प्युटरने विचारलं की स्टिक बटणांच्याच वायरींवरून आकड्यांची माळ पाठवते, एका वायरवर क्लॉक, बाकीच्यांवर डेटा. तुमचा अ‍ॅडाप्टर पॉट शोधतोय आणि तिथे पॉट नाही, मग तो कोपऱ्यात जाणारच.

आता तुमच्यासाठी. प्रिसिजन प्रो काही काळ एका छोट्या पंधरा पिन ते यूएसबी कन्व्हर्टरसकट विकली जायची. त्या कन्व्हर्टरमध्ये अक्कल नाही, नुसत्या वायरी आहेत, कारण यूएसबीचं सर्किट त्या स्टिकच्या पोटातच आहे. तो कन्व्हर्टर मिळाला तर आजच्या विंडोजवर सरळ चालते. पण लक्षात ठेवा, तो कन्व्हर्टर दुसऱ्या कुठल्या स्टिकला लावून उपयोग नाही, आणि तुमची आधीच्या काळातली फक्त गेमपोर्टवाली असेल तर तिलाही नाही.

कन्व्हर्टर नाही मिळाला तर प्रो मायक्रोच, फक्त प्रोग्रॅम वेगळा. साइडवाइंडरची भाषा लोकांनी केव्हाच उलगडली आहे, लिनक्स कर्नलमध्ये साइडवाइंडर नावाचा ड्रायव्हर आहे तो वाचला तरी सगळं कळतं. स्वतः लिहिणार असाल तर अर्डुइनोचं डिजिटलरीड वापरू नका, बिट इतक्या भराभर येतात की ते मागे पडतं, पोर्टचं रजिस्टर थेट वाचा आणि वाचताना इंटरप्ट बंद ठेवा.

फोर्स फीडबॅक प्रो कुणाकडे असेल त्यांनी मात्र अ‍ॅडाप्ट-एफएफबी-जॉय हा प्रकल्प शोधा, मुक्त आहे, टीन्सी २.० किंवा ३२यू४ च्या बोर्डावर चालतो. त्या स्टिकला दांडा ओढायचे हुकूम मिडीच्या वायरींवरून जातात, त्याच १२ आणि १५ पिना ज्या साउंड कार्डवाल्यांनी मिडीसाठी (इलेक्ट्रॉनिक वाद्यं जोडायची पद्धत) घेतल्या होत्या, ३१२५० बॉडने. हा प्रकल्प ते सगळं सांभाळतो आणि विंडोजला ती नेहमीची फोर्स फीडबॅक स्टिक दिसते. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये स्टॉलच्या (पंखांची उचल जाण्याच्या) आधीची थरथर हातात येते तेव्हा कळतं की लोक ही स्टिक का सोडत नाहीत.

---

बाणेरकर | शनिवार, सकाळी ९.४०

जीव भांड्यात पडला 🙏 कन्व्हर्टर शोधतो, नाहीतर बोर्ड आणतो. धन्यवाद दादा.

---

गरुडझेप_७२ | शनिवार, दुपारी २.१५

तांबडा एलईडी यांनी फार नीट लिहिलंय, मला साइडवाइंडरमधलं इतकं माहीत नव्हतं.

आता आरतीताईंचं हॅट. पोर्टला बटणं चारच, मग चार बटणं आणि वर हॅट हे बसवणार कसं? सीएचने असं केलं की हॅटची दिशा दाबली की एकदम अनेक बटणं दाबल्याचा इशारा जातो, प्रत्येक दिशेला वेगळी जुळणी. म्हणजे चार वायरींवर चार बिट, सोळा जुळण्या, त्यातल्या काही एकेका बटणाच्या आणि बाकीच्यांतल्या चार हॅटच्या. याची किंमत अशी की या स्टिकवर दोन बटणं एकत्र दाबली तर ती ओळखू येत नाहीत. तो स्टिकचा स्वभाव आहे, कोडने बदलत नाही, बदलायचाच असेल तर स्टिक उघडून प्रत्येक बटणाची वेगळी वायर काढावी लागेल.

कोड लिहायच्या आधी चारही पिनांची स्थिती सीरियल मॉनिटरवर (अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधली बोर्डाने पाठवलेलं दाखवणारी खिडकी) छापत राहा आणि हॅट एकेका दिशेला दाबून जुळणी कागदावर लिहून घ्या, स्वतःच्या स्टिकवर बघितलेलं केव्हाही चांगलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, चारही बिट एकाच क्षणी येत नाहीत. हॅट वर दाबलात तर आधी एक बटण लागल्यासारखं दिसतं, मग दुसरं, मग सगळी. कोड उतावळा असेल तर हॅटने उजवीकडे बघायला गेलात आणि मधेच गोळी सुटली किंवा ब्रेक लागला असं होतं. म्हणून चार बिट सलग काही मिलिसेकंद, मी दहा ठेवलेत, तसेच राहिले तरच ते खरे माना. हातात काही फरक जाणवत नाही.

कॅलिब्रेशनच्या आधी सीएचच्या बुडाजवळची ती दोन ट्रिमची चाकं मध्यावर आणा, ती पॉटचा मध्य सरकवतात. मग रन मध्ये जॉय.सीपीएल टाका, यादीत अर्डुइनो लिओनार्डो असं नाव दिसेल, घाबरू नका, प्रो मायक्रो स्वतःला तेच म्हणवतो. दांडा फिरवून पॉट पूर्ण फिरतच नाही, मधला तुकडाच वापरात असतो, त्यामुळे ० ते १०० किलोओहम गृहीत न धरता प्रत्यक्ष कमीतकमी आणि जास्तीतजास्त किती येतं ते बघून तेच कोडमध्ये घाला.

---

स्टुटगार्टहून | शनिवार, संध्याकाळी ५.३०

छान धागा. माझ्याकडे थ्रस्टमास्टर एफसीएस आहे, इथल्या फ्लोमार्क्टमध्ये (जुन्या वस्तूंच्या बाजारात) मिळाली, बरोबर रडर पेडलपण. वरच्या पद्धतीने एक्स-वाय लगेच आले पण हॅट दाबला की थ्रॉटल उड्या मारतो. थ्रॉटल तर या स्टिकला नाहीच!

---

तांबडा_एलईडी | शनिवार, संध्याकाळी ६.१०

थ्रस्टमास्टरने सीएचपेक्षा वेगळी युक्ती केली होती. त्यांनी हॅट चौथ्या अक्षावर टाकला, म्हणजे १३ नंबर पिनवर. आत प्रत्येक दिशेला वेगळा रेझिस्टर, हॅट दाबला की त्या पिनवर ठरावीक रोध येतो, सोडला की वेगळा. तुमचा कोड त्यालाच थ्रॉटल समजतोय. बिघाड काही नाहीये. पिन १३ चा आकडा छापून बघा, पाच स्पष्ट पायऱ्या दिसतील, चार दिशा आणि एक मोकळा. दोन पायऱ्यांच्या बरोबर मध्ये सीमा धरायची आणि त्यावरून दिशा ठरवायची. या पद्धतीचा फायदा असा की चारही बटणं मोकळी राहतात आणि एकत्र दाबता येतात. मला हीच पद्धत जास्त आवडते.

पेडल ११ वर येतील, त्यांना तोच ४७ किलोओहम आणि कपॅसिटर.

कुणाकडे त्याच घरची एफएलसीएस असेल, ती एफ-१६ च्या दांड्यासारखी, तर हे सगळं विसरा. ती कीबोर्डच्या वायरीतही घुसते आणि बटणं कळा म्हणून पाठवते. तिथे आतला जुना बोर्ड बाजूला ठेवून नवा बसवणंच शहाणपणाचं. एसटीएम३२ चा ब्लू पिल बोर्ड आणि त्यावर फ्रीजॉय हे फर्मवेअर, त्यात कोड लिहावा लागत नाही, कुठल्या पिनला काय जोडलंय ते कॉम्प्युटरवरून निवडायचं. त्याचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) बारा बिटांचा आहे, म्हणजे १०२४ ऐवजी ४०९६ पायऱ्या. पण तो ३.३ व्होल्टचा आहे, पॉटला पाच व्होल्ट देऊ नका, अ‍ॅनालॉग पिना ते सोसत नाहीत.

---

जुनंते_सोनं | रविवार, सकाळी ११.००

मंडळी, माझी स्टिक (सीएचच) आकडे देते पण मध्यावर असताना मधेच भसकन उडी मारते, विमान एकदम डावीकडे कोसळतं आणि परत. वायर हलवून बघितली, तसं काही नाही. आणि हे सामान नक्की मिळतं कुठे, मी साताऱ्याला असतो, पुण्या-मुंबईला येणं होतं अधूनमधून.

---

गरुडझेप_७२ | रविवार, दुपारी १२.२०

काका, तो पॉट. आतली कार्बनची पट्टी मध्यावरच सगळ्यात जास्त घासते कारण स्टिक बहुतेक वेळ तिथेच असते. आधी स्वच्छ करून बघा. बूड उघडा, पॉटच्या पायांजवळ फट असते, तिथून इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा, तोच ज्यावर पॉटसाठी किंवा स्विचसाठी असं लिहिलेलं असतं, गंज काढायचा साधा स्प्रे नको. मग दांडा सगळ्या दिशांना भरपूर फिरवा आणि वाळू द्या. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. थोड्या दिवसांनी परत उडी मारायला लागला तर मात्र पट्टी झिजली, पॉट बदला. नव्यावर बी१००के लिहिलेलं पाहिजे. बी म्हणजे लिनियर. ए लिहिलेला चुकूनही घेऊ नका, तो आवाजाच्या बटणासाठीचा लॉगरिदमिक असतो, अर्ध्या फिरकीत काहीच होत नाही आणि मग सगळं एकदम. दांडीही बघून घ्या, जुनी काढून खिशात घालून न्या आणि दुकानात शेजारी धरून लांबी आणि खाच जुळवा.

सामान पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, तपकीर गल्लीत. मुंबईत लॅमिंग्टन रोड. पण सॉकेट मागताना गेमपोर्ट म्हणू नका, नव्या मुलांना ते नाव माहीत नाही. पंधरा पिनांचं डी कनेक्टर फीमेल, दोन ओळींचं असं सांगा. नुसतं पंधरा पिन म्हटलंत की व्हीजीएचं तीन ओळींचं हातात देतात, ते आकारानेच लहान असतं आणि बसत नाही.

---

तांबडा_एलईडी | रविवार, दुपारी १.०५

पॉट उघडणारच असाल तर हॉल सेन्सरचा विचार करा. ४९ई नावाचा तीन पायांचा लिनियर हॉल सेन्सर मिळतो, दिसायला ट्रान्झिस्टरसारखा. चुंबक नसताना आउटपुट अर्ध्या व्होल्टेजवर, उत्तर ध्रुव आला की एकीकडे, दक्षिण आला की दुसरीकडे. पॉटच्या जागी दांडीला छोटा नियोडिमियम चुंबक आणि समोर सेन्सर. काही घासतच नाही त्यामुळे झिजण्याचा प्रश्न नाही. ज्या पॉटला तिसरा पाय ग्राउंडला जोडून नीट तीन वायरी काढता येतात त्यांनाही असंच, मग ते ४७ किलोओहम आणि उलटं गणित दोन्ही नको, आकडा मुळातच सरळ रेषेत येतो.

कठीण आहे ते चुंबक बसवणं. चुंबक जवळ पाहिजे पण टेकता कामा नये, आणि तो तिरका बसला तर एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त फिरतो. एएस५६०० हा चुंबकी सेन्सर वापरला तर हे थोडं सोपं जातं, तो सरळ कोन मोजतो, बारा बिटांत. पण त्याचा आयटूसी (दोन वायरींवर अनेक चिप जोडायची पद्धत) पत्ता ३६ हेक्स असा पक्का बसवलेला आहे, त्यामुळे एका बसवर दोन लावलेत तर भांडतात. एक आयटूसीवर आणि दुसऱ्याचं अ‍ॅनालॉग आउटपुट वापरा, किंवा मधे मल्टिप्लेक्सर टाका.

तरी काकांना माझा सल्ला, आधी क्लीनर, मग नवा पॉट. चांगला पॉट कितीतरी वर्षं जातो.

---

आरती_डों | रविवार, रात्री ९.४५

झालं माझं!! हॅटसकट चालतंय. दादा तुम्ही म्हणालात तसं आधी हॅट दाबला की फायर होत होतं, दहा मिलिसेकंदाचा थांबा टाकल्यावर बंद झालं. फ्लाइटगियर या सिम्युलेटरवर सेसना विमान घेऊन मुंबईच्या २७ नंबर धावपट्टीवर उतरवली, उन्हातल्या खोलीत घामाघूम होऊन, पण केंद्ररेषेवर उतरवली. कीबोर्डवर हे कधीच जमलं नव्हतं.

आता मुलगा विचारतोय की जुने डॉसमधले गेम पण याच स्टिकवर खेळता येतील का.

---

स्टुटगार्टहून | रविवार, रात्री १०.१०

अभिनंदन ताई! येतात की. डॉसबॉक्स घ्या, तो यूएसबी स्टिकला उलट गेमपोर्ट बनवून जुन्या गेमला दाखवतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये जॉयस्टिकटाइप अशी ओळ आहे, तिथे सीएच लिहा म्हणजे गेमला फ्लाइटस्टिक प्रो दिसेल आणि हॅटही जुन्या पद्धतीने जाईल. माझ्यासारख्यांनी एफसीएस लिहायचं. आणि गेममध्येही तीच स्टिक निवडायची, नाहीतर हॅट मुका राहतो. माझंपण पाच पायऱ्यांचं जमलं, थ्रॉटलची उडी बंद. @तांबडा_एलईडी खूप आभार.

---

बाणेरकर | सोमवार, सकाळी ७.५०

कन्व्हर्टर नाही मिळाला पण घरी एक जुना डेस्कटॉप आहे पीसीआय स्लॉटवाला, त्यात साउंड ब्लास्टर लाइव्ह बसवलेलं, मागे पंधरा पिनांचं पोर्ट आहे. त्यावर लिनक्स टाकलं तर सरळ चालेल का?

---

तांबडा_एलईडी | सोमवार, सकाळी ८.३०

चालेल. कर्नलमध्ये त्या कार्डाच्या पोर्टसाठी ईएमयू१०के१-जीपी आहे, आणि स्टिकसाठी साइडवाइंडर. दोन्ही मॉड्यूल मोडप्रोब या कमांडने चढवा, मग जेएसटेस्ट-जीटीके मध्ये अक्ष हलतात का बघा. साध्या अ‍ॅनालॉग स्टिकला साइडवाइंडरच्या जागी अ‍ॅनालॉग नावाचं मॉड्यूल. प्लग लावायच्या आधी मशीन बंद करा, हे पोर्ट चालू असताना काढघाल करायसाठी बनवलेलं नाही. तिथे स्टिक चालली म्हणजे ती धडधाकट आहे हेही सिद्ध होईल, मग निवांतपणे प्रो मायक्रोच्या मागे लागा.

---

जुनंते_सोनं | सोमवार, रात्री ९.१५

क्लीनरने उडी थांबली! एक्स अक्ष एकदम गुळगुळीत. वाय अजून अगदी किंचित थरथरतो, तिथे कपॅसिटर लावायचा राहिलाय. गरुडझेप, तुमचा हॅटचा कोड पूर्ण इथे टाकाल का, मला सी भाषेतलं फारसं येत नाही.

---

गरुडझेप_७२ | सोमवार, रात्री १०.००

टाकतो काका. इथे प्रतिसादात कोडच्या ओळी मोडतात म्हणून वेगळा धागा काढतो, त्यात सीएच आणि एफसीएस दोन्हींचा कोड देतो, मराठीत टिपा लिहून, आणि डब्यातल्या जोडणीचे फोटो. एफसीएसच्या पाच पायऱ्यांवर तुम्हाला काय आकडे आले ते स्टुटगार्टकर जरा इथे लिहा, ४७ किलोओहम लावूनच मोजलेले, म्हणजे त्या कोडमध्ये तेच घालतो. वाय अक्षाला १०४ लावल्यावरही थरथर राहिली तर सांगा, मग सलग आठ वाचनांची सरासरी कशी काढायची तेही त्यातच घालतो.